चालीवर चालणारा माणूस

बाजूला व्हा! आणखी थोडं. भिंतीला पाठ टेकवून उभे राहा, नाहीतर धडक बसेल.

सकाळचे दहा वाजायला मिनिटभर उरलंय आणि लंडनच्या लोंबार्ड स्ट्रीटवरून एक उंचापुरा, रुंद खांद्यांचा तरुण तुमच्या दिशेने सुसाट धावत येतोय. एक हात डोक्यावरच्या उंच टोपीवर, दुसरा हवेत, काळ्या कोटाची शेपटं मागे फडफडताहेत. फुटपाथवरची माणसं त्याला वाट करून देतात. काही जण ओरडून हुरूपही देतात, कारण ही रोजची शर्यत त्यांच्या ओळखीची झालीय. घड्याळाचा टोल पडायच्या आत त्याचं पाऊल बँकेच्या उंबऱ्यात पडतं. तुम्ही नकळत रोखून धरलेला श्वास सुटतो आणि थंड हवेत पांढरा होऊन विरतो.

साल १९०१. तुमच्या मानेला काचतेय ती खळ घालून कडक केलेली कॉलर आहे. दोन दिवसांत सवय होईल. नाकाला झोंबतोय तो दगडी कोळशाचा धूर आणि त्याच्या खालून येणारा ओलसर, उबट वास घोड्यांच्या लिदीचा. मोटारी अजून इतक्या थोड्या आहेत की एखादी दिसली तर लोक थांबून बघतात. घोड्यांच्या बसगाड्या खडखडत जातात, नाल दगडांवर आपटतात, पेपरवाली पोरं बेंबीच्या देठापासून ओरडतात. बोलायचं तर शेजारच्याच्या कानाशी तोंड न्यावं लागतं.

त्या धावणाऱ्या तरुणाच्या मागोमाग आत शिरा. हाँगकाँग अँड शांघाय बँकेच्या या कचेरीत इतके कारकून आहेत की तुमच्याकडे कुणी मान वर करून बघणार नाही. आत शाईचा, चामडी बांधणीच्या खातेवह्यांचा आणि ओल्या लोकरीचा वास कोंडलाय. पन्नास-साठ टाकांची एकच कुरकुर चाललीय. आपला तरुण टपाल खात्याच्या टेबलाशी बसून पाकिटांवर तिकिटं चिकटवतोय. त्याचं नाव पेलम ग्रेनव्हिल वुडहाऊस. एवढं लांबलचक नाव घ्यायला घरच्यांनाही वेळ नाही, ते त्याला ‘प्लम’ म्हणतात. वय वीस. बँकेच्या कामातलं त्याला ओ की ठो कळत नाही.

मग तो इथे कसा? त्याचं कारण तुमच्या ओळखीचं आहे. ते कारण म्हणजे रुपया.

प्लमचे वडील हाँगकाँगला न्यायाधीश होते. त्यांचं पेन्शन मिळायचं रुपयांत आणि रुपया तेव्हाही आजच्यासारखाच कधी वर, कधी खाली. खाली जास्त. थोरला भाऊ आर्मिन ऑक्सफर्डला गेला. धाकट्याची पाळी आली तेव्हा वडिलांनी हिशेब मांडला आणि दोघांचा खर्च झेपणार नाही म्हणून सांगितलं. दलिच कॉलेज या शाळेत क्रिकेट, रग्बी आणि ग्रीक-लॅटिन मनापासून करणारा हा मुलगा एका सप्टेंबरात थेट बँकेच्या स्टुलावर येऊन बसला. तो आर्मिन पुढे इंग्रजीचा प्राध्यापक झाला आणि आपल्या पुण्यात, डेक्कन कॉलेजात, मराठी मुलांना कविता शिकवू लागला. एका भावाला रुपयाने ऑक्सफर्ड नाकारलं, दुसऱ्याला रुपयांतच पगार दिला.

आता नीट बघा. एक कोरी करकरीत खातेवही आलीय. पहिलं पान पांढरंशुभ्र, गुळगुळीत. प्लमच्या हाताला खाज सुटते. तो इकडेतिकडे बघतो आणि त्या पानावर नव्या खातेवहीच्या थाटामाटाच्या उद्घाटनाचं एक खोटंखोटं, हसून पुरेवाट करणारं वर्णन लिहून टाकतो. लिहून झाल्यावर भानावर येतो, चाकूने पान कापून घेतो. पुढे बऱ्याच वर्षांनी तो स्वतःच ही गोष्ट रंगवून सांगणार आहे: मुख्य रोखपाल पुरवठादाराला फैलावर घेतात, पुरवठादार म्हणतो पहिलं पान कापायला माणूस वेडाच असायला हवा, तुमच्याकडे असा कुणी आहे का? आणि रोखपालांना पटकन एक नाव आठवतं.

संध्याकाळी त्याच्या पाठोपाठ चेल्सीतल्या मार्कहॅम स्क्वेअरला चला. जिना अरुंद आहे, डोकं सांभाळा. उकडलेल्या कोबीचा वास भिंतींत मुरलाय. खोलीत शेगडीपुढे बसलात तर गुडघे भाजतात आणि पाठ गारठते. तो टेबलाशी बसतो आणि लिहायला लागतो. गंमतीच्या गोष्टी, शाळेच्या गोष्टी, विनोदी कविता, काहीही. बहुतेक सगळं साभार परत येतं. एकदा त्याला गालगुंड झालं, तेव्हा आईवडिलांच्या घरी पडल्यापडल्या तीन आठवड्यांत त्याने एकोणीस गोष्टी लिहिल्या. एकोणीसही परत आल्या.

टेबलावरची ती छोटी वही उघडून बघितलीत तरी तो रागावणार नाही. लिखाणाची कमाई त्यात टिपलेली आहे. पहिली नोंद साडेदहा शिलिंगांची. बँकेत ज्याला जमाखर्च कळत नाही, तोच या वहीत पै न् पै काटेकोर मांडतो.

दोन वर्षं झाली की इथल्या कारकुनांना पूर्वेकडे धाडतात. हाँगकाँग, शांघाय, मुंबई, जिथे शाखा असेल तिथे साहेब म्हणून. बाकीचे त्याची वाट बघतात, प्लमला त्या कल्पनेनेच घाम फुटतो. म्हणून १९०२च्या सप्टेंबरात तो राजीनामा देतो आणि ‘ग्लोब’ या सायंदैनिकात रोजचं विनोदी सदर लिहायला जातो. तिथे सकाळच्या बातम्या चाळायच्या आणि दुपारच्या आत त्यांच्यावर कोट्या आणि कविता पाडायच्या. धावायची सवय बँकेने लावली, शब्दांना धावायला वर्तमानपत्राने शिकवलं.

चला, कॉलर सैल करा. आता रंगभूमीच्या मागच्या दाराने आत जायचंय.

ऑल्डविच थिएटर, १९०६. रंगपटात भुकटी, घाम आणि सिगारेटचा दाट वास. कुठेतरी शिवणयंत्र खडखडतंय, कुणी एक नटी स्वरांच्या शिड्या चढते-उतरते आहे. प्लमला इथे आठवड्याला दोन पौंडांवर ठेवलंय. काम एवढंच की चालू नाटकातल्या गाण्यांना ताज्या घडामोडींवरची नवी कडवी पुरवायची. कोपऱ्यात शर्टाच्या बाह्या वर सारून एक बुटकासा अमेरिकन पोरगा नटांबरोबर पत्ते कुटत बसलाय. त्याच्याकडे लक्ष ठेवा. त्याचं नाव जेरोम कर्न. पत्ते खाली ठेवून तो पियानोशी बसतो तेव्हा रंगपटातली बडबड आपोआप थांबते.

आणि आता समुद्र ओलांडून न्यूयॉर्कला. १९१७. पायाखालची जमीन थरथरली तर घाबरू नका. शेजारच्या सहाव्या अव्हेन्यूवर लोखंडी खांबांवरून आगगाडी धावते. ती गेली की दुकानांच्या काचा खुळखुळतात आणि माणसं वाक्य अर्ध्यावर थांबवून ती जाईपर्यंत वाट बघतात. भाजलेल्या शेंगांचा, पेट्रोलचा आणि अजूनही थोडा घोड्यांचा वास येतोय. ३९व्या रस्त्यावरच्या या चिमुकल्या नाट्यगृहाचं नाव प्रिन्सेस. खुर्च्या फक्त २९९.

तालमीच्या खोलीत शिरा, पण दार हळू लावा. तिघे बसलेत. गाय बोल्टन नाटकाची गोष्ट आणि संवाद रचतो. कर्न पियानोवर. आणि आपला प्लम, छत्तिशीत आलेला, डोक्यावरचे केस विरळ झालेले, गुडघ्यावर कागद. तो चार-सहा महिन्यांसाठी अमेरिकेत येत-जात होता. मग इथेच एथेलशी लग्न केलं, तिची मुलगी लिओनोरा त्याने जीव लावून आपली केली आणि संसार थाटला.

कर्न एक चाल वाजवतो. पुन्हा वाजवतो. प्लम डोळे मिटून मान हलवतो.

मराठी कानाला हा प्रकार नवा नाही. काही वर्षांपूर्वीच तिकडे गोविंदराव टेंब्यांच्या चालींवर खाडिलकरांनी ‘मानापमान’ची पदं बांधली होती. आधी चाल, मग शब्द. इंग्रजी संगीतिकांत बरेच गीतकार आधी कविता लिहून देत आणि संगीतकार तिला सूर लावत. प्लमला उलटं हवं असतं. त्याचं म्हणणं असं की नुसती कविता लिहायला बसलं की लय त्याच त्या चाकोरीतून टकटक करत जाते. चाल पुढ्यात असली की ती तुम्हाला कधी स्वप्नातही सुचल्या नसत्या अशा वळणांवरून नेते.

पण वळण सुचलं म्हणजे काम झालं नाही. ऐका, कर्नच्या चालीत एक सूर लांब धरायचाय. तिथे ‘ई’ आला तर गळा आवळतो आणि मागच्या रांगेला शब्द कळत नाही. मोकळा ‘आ’ किंवा ‘ओ’ हवा. पुढची ओळ दोन उतरत्या सुरांवर संपते, म्हणजे यमक एका अक्षराचं चालणार नाही, दोन अक्षरांचं हवं. इंग्रजीत तसली यमकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आणि सगळी वापरून गुळगुळीत झालेली. शिवाय हे गाणं गाणारी मुलगी नाटकात साधी, थोडी लाजरी आहे, ती कवितेच्या भाषेत बोलणार नाही. रोजच्या बोलण्यातले शब्द सुरांवर अलगद बसले पाहिजेत आणि ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की हे तिला आत्ता, उभ्याउभ्या सुचलं.

प्लम एक ओळ लिहितो, खोडतो. उठून खोलीत फेऱ्या मारतो. बघा, तो चालीवर चालतोय. ओठ हलताहेत, बोटं मांडीवर ठेका धरताहेत. आगगाडी जाते, काचा खुळखुळतात, त्याला पत्ता नाही. तासाभराने तो कागद पुढे करतो. चार ओळी. इतक्या सोप्या की तुम्हाला वाटेल, हे तर कुणालाही जमलं असतं. हीच त्याची मजुरी आहे. घाम दिसू द्यायचा नाही.

फेब्रुवारीतल्या त्या रात्री ‘ओह, बॉय!’चा पडदा वर जातो तेव्हा तुम्ही तिसऱ्या रांगेत असता. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आत ओलसर फरचे कोट, अत्तर, सिगार. मोठ्या थिएटरांत शेकडो मुलींचे ताफे, राजवाडे, कारंजी. इथे दोन अंकांना दोन देखावे, खाली अकरा वादक, इतके जवळ की व्हायोलिनवाल्याच्या कपाळावरचा घाम दिसतो. रंगमंचावर राजकन्या नाही, तुमच्या-आमच्यासारखी गोंधळलेली तरुण माणसं. ती बोलता बोलता गायला लागतात आणि गाणं गोष्टीतूनच उगवतं. हशा उठतो तो लाटेसारखा, पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत, कारण इथे शेवटची रांगही जवळच आहे. या नाटकाचे ४६३ प्रयोग होणार आहेत. त्यात एक छोटी भूमिका करणारी सोनेरी केसांची ती मुलगी लक्षात ठेवा. मॅरियन डेव्हिस. ती पुढे भेटेल.

त्याच शरदात ‘मिस १९१७’ नावाच्या एका भल्यामोठ्या खेळाच्या तालमीला डोकावून या. तिथे पियानोवर एक एकोणीस वर्षांचा मुलगा दिवसभर तीच तीच गाणी वाजवतो. तालीम थांबली की तो स्वतःचं काहीतरी वाजवायला लागतो आणि घरी निघालेले लोक दारात थबकतात. त्याचं नाव जॉर्ज गर्श्विन.

आणि एक गाणं, जे तुम्हाला या वेळी ऐकायला मिळणार नाही. प्लमने एका साध्यासुध्या माणसावर ते लिहिलंय. दिसायला बेताचा, गुण सांगावेत तर सापडत नाहीत आणि तरी ती त्याच्यावर का जीव टाकते हे तिलाही सांगता येत नाही. ‘बिल’ हे त्याचं नाव. १९१८च्या एका नाटकातून ते ऐनवेळी गळलं. कर्नने चाल जपून ठेवली. दहा वर्षांनी, ‘शो बोट’मध्ये, हेलन मॉर्गन पियानोवर चढून बसली आणि हलक्या, भरून आलेल्या आवाजात तिने ते गायलं. हसवणाऱ्या माणसाने लिहिलेल्या त्या गाण्याने थिएटरभर रुमाल निघाले.

हे सगळं चालू असताना सकाळी तो टंकयंत्राशी बसून गोष्टी लिहितो. न्यूयॉर्कला आल्यावर विकत घेतलेलं ते जुनं मोनार्क यंत्र तो वर्षानुवर्षं दुरुस्त करून वापरणार आहे. त्याच्या एका गोष्टीत नुकताच एक नोकर दारातून आत आलाय आणि एक-दोन वाक्यं बोलून गेलाय. त्या नोकराचं नाव प्लमने एका क्रिकेटपटूवरून घेतलं. चेल्टनहॅमच्या मैदानावर त्याने वॉरविकशरच्या पर्सी जीव्हजला खेळताना पाहिलं होतं. गोष्ट छापून आल्यावर वर्षभरात तो खरा जीव्हज लढाईत मारला गेला. कागदावरचा जीव्हज अजून चहाचा ट्रे घेऊन, पावलांचा आवाज न करता, खोलीत येतो.

आता कोट काढा. खरंच काढा, नाहीतर उकडून निघाल. १९३०चा मे महिना, बेव्हर्ली हिल्स. ऊन इतकं पांढरं की डोळे किलकिले होतात. निलगिरीचा, संत्र्याच्या फुलांचा आणि नुकत्याच कापलेल्या हिरवळीचा वास. पक्ष्यांच्या आवाजात मिसळलेला दुसरा आवाज टंकयंत्राचा आहे. त्या दिशेने गेलात की तरणतलाव दिसेल. एकोणपन्नाशीकडे झुकलेला एक गुबगुबीत, टकला गृहस्थ पाण्यातून बाहेर येतो, अंग पुसतो आणि पुन्हा यंत्राशी बसतो. दिवसातून तीनदा पोहायचं, मधल्या वेळात लिहायचं. घर नटी नॉर्मा शिअररचं, भाड्याने घेतलेलं.

सिनेमा नुकताच बोलायला लागलाय. सगळ्या स्टुडिओंना एकदम बोलणं लिहिणारी माणसं हवी आहेत, म्हणून नाटककार आणि कादंबरीकार गाड्या भरभरून पश्चिमेला येताहेत. एमजीएमने प्लमशी आठवड्याला २००० डॉलरचा करार केलाय. ऑल्डविचचे दोन पौंड आठवा आणि मग हा आकडा पुन्हा वाचा.

चला, त्याच्याबरोबर स्टुडिओत जाऊ. गाडीची वाट बघू नका, तो चालत जातो. सहा मैल. या शहरात रस्त्याने चालणारा माणूस म्हणजे एकतर गाडी बंद पडलेला, नाहीतर डोकं फिरलेला. दर थोड्या वेळाने एक मोटार कच्चकन थांबते, कुणीतरी काच खाली करून काळजीने विचारतं, सोडू का? तो हसून नको म्हणतो. डांबर तापलंय, तुमच्या बुटांचे तळवे भाजताहेत, शर्ट पाठीला चिकटलाय. तो मात्र मजेत आहे. कदाचित एखादं वाक्य चालीवर बसवतोय.

स्टुडिओत काय चाललंय बघा. अजस्र गोदामासारखी इमारत, आत दिव्यांची भट्टी. घंटा वाजते, सगळे श्वास रोखतात, कारण आता खोकलाही पडद्यावर ऐकू येईल. प्लमच्या पदरी काम काय? ‘रोझाली’ नावाची संगीतिका मॅरियन डेव्हिससाठी पडद्यावर आणायची आहे. हो, तीच, प्रिन्सेसमधली सोनेरी केसांची मुलगी, आता मोठी तारका. तो पटकथा लिहितो. मग सांगण्यात येतं, आधी कादंबरिकेसारखी लिही. तो तशी लिहितो. मग कळतं, सध्या संगीतपट नकोतच, लोक कंटाळलेत. कागद खणात जातात. दुसऱ्याच्या पटकथेत थोडे संवाद सुधार म्हणतात. तो सुधारतो. त्या आधी चार जणांनी सुधारलेले असतात, नंतर आणखी चार जण सुधारतात.

वर्ष असंच जातं. करार संपतो तेव्हा ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ची बातमीदार घरी येते. तरणतलावाच्या काठी बसून तो सरळ मनाने सांगतो की मला वर्षाला १,०४,००० डॉलर मिळाले आणि त्यासाठी मी जवळपास काहीच केलं नाही, कशासाठी दिले तेच कळत नाही. दुसऱ्या दिवशी देशभर खळबळ. मंदीच्या दिवसांत, रोजगारासाठी रांगा लागलेल्या असताना, हा आकडा लोकांच्या डोळ्यांत खुपला. त्याच्या आवाजात बढाई नव्हती, तक्रारही नव्हती. मला तिथे ऐकू आली ती खंत. ज्याला कामाची भूक आहे, त्याला जेवण न वाढता ताट सोन्याचं दिलं, तर पोट कसं भरेल?

पाच वर्षांनी तो पुन्हा आला तेव्हा मात्र एक काम मनासारखं झालं. ‘अ डॅम्सेल इन डिस्ट्रेस’ ही त्याचीच जुनी कादंबरी, नायक जॉर्ज नावाचा संगीतकार. सिनेमात नाचणार फ्रेड अस्टेअर आणि संगीत गर्श्विनचं. तालमीच्या पियानोवरचा तोच पोरगा, आता जगप्रसिद्ध. सिनेमा पडद्यावर यायच्या आत, त्या जुलैत, अडतिसाव्या वर्षी गर्श्विन गेला. चित्रपटगृहाच्या अंधारात ती गाणी ऐकताना लोकांना ठाऊक होतं की ते हात आता पियानोवर नाहीत.

पुढचा मुक्काम थोडा वेळच, कारण तो सोसवत नाही. दुसऱ्या महायुद्धातलं टोस्ट नावाचं गाव, जर्मनांची स्थानबद्धांची छावणी, पूर्वीचं वेड्यांचं रुग्णालय. फ्रान्समधल्या घरातून उचलून आणलेला साठीला टेकलेला लेखक. उकडलेल्या बटाट्यांचा आणि न धुतलेल्या कपड्यांचा वास. एका दालनात पन्नास माणसं, कुणी पिंगपाँग खेळतंय, कुणी भांडतंय आणि त्या कोलाहलात तो कादंबरी लिहितोय, इंग्लंडच्या उन्हाळ्यात घडणारी, हसवणारी. संध्याकाळी आवारात गोल गोल फेऱ्या मारतो. सुटका झाल्यावर त्याने बर्लिन रेडिओवरून छावणीतल्या दिवसांवर पाच हलकीफुलकी भाषणं केली. शत्रूच्या रेडिओवर हसून बोलणं ही केवढी मोठी चूक आहे, हे त्याला कळलं तोवर इंग्लंडने त्याच्याकडे पाठ फिरवली होती. चौकशी झाली, खटला भरला गेला नाही. पण ज्या देशाच्या हिरवळी त्याने पानापानांत जपल्या, तिथे त्याने पुन्हा पाऊल ठेवलं नाही.

आता शेवटची चढण. लाँग आयलंडवरचं रेमसेनबर्ग, १९७० च्या आसपासची सकाळ. पाइनच्या पानांचा आणि जवळच्या खाडीचा खारट वास. अंगणात एक म्हातारा गृहस्थ हात वर, हात खाली, कमरेत वाकणं असे व्यायामाचे ठरलेले बारा प्रकार करतोय. पन्नास वर्षं झाली, एक दिवस चुकवलेला नाही. आता यांना एकेरी हाक मारवत नाही, नाही का? वुडहाऊसकाका म्हणू या. कुत्री पायांत घोटाळताहेत, मांजर कठड्यावर. चहा, टोस्ट, मग पाइप पेटवून खोलीत.

तुम्हीही आत या. तंबाखूचा वास पडद्यांतसुद्धा बसलाय. नव्वद पुस्तकांच्या घरातला हा माणूस, ज्याने दोनशेवर गाणी आणि तीसएक संगीतिकांना शब्द दिले, अजून एका वाक्यापाशी अडून बसलाय. कादंबरी सुरू करण्याआधी ते चारशे पानं नुसती टिपणं काढतात. पात्र कुठून येणार, कुठून जाणार, दार कोण उघडणार, सगळं रंगमंचासारखं मांडलेलं. त्यांनीच मित्राला कळवलं होतं की आपल्या कादंबऱ्या म्हणजे संगीताशिवायच्या संगीतिका आहेत. ते वाक्य टंकतात, कागद ओढून काढतात, पुन्हा घालतात. एक शब्द पुढचा मागे, मागचा पुढे. ओठ हलताहेत. मांडीवर बोटं. ओळखलंत? ३९व्या रस्त्यावरची तीच खोली आहे, पियानो तेवढा आता डोक्यात आहे.

दुपारी दाराशी गाय बोल्टन येतात. तेही इथेच, जवळ राहतात. दोन म्हातारे काठ्या घेऊन पाइनच्या रांगांमधून फिरायला निघतात. पन्नासएक वर्षांपूर्वीच्या तालमी, कुणी कुठे ओळ विसरलं, कर्न कसा चिडला. त्यांच्या मागून चाला. बोलणं ऐकू आलं नाही तरी चालेल. पावलं बघा.

१९७५च्या सुरुवातीला इंग्लंडने त्यांना ‘सर’ केलं. रुसलेल्या घराने उशिरा का होईना दार उघडलं. महिन्या-दीड महिन्याने, १४ फेब्रुवारीला, रुग्णालयात ते गेले. वय ९३. जवळ अर्धवट कादंबरीची पानं होती.

चला, परत जाऊ. तुमच्या पायाखाली आता मुंबईच्या फोर्टातली फरशी आहे. दुपारचं ऊन, बसचा धूर, भज्यांचा घाणा, जुन्या पुस्तकांचे ढीग. त्या ढिगात पिवळ्या पडलेल्या पानांचा एक वुडहाऊस हमखास असतो. पु. ल. देशपांड्यांचा हा जीव की प्राण लेखक. ज्यांना स्वतःला पेटी वाजवता येत होती, गाण्याला चाल लावता येत होती, सिनेमा लिहिता येत होता, त्यांना या वाक्यांतला सूर पहिल्याच ओळीत सापडला असणार.

पुस्तक उघडा. कोणतंही पान. मनात नको, जरा ओठ हलवून वाचा. वाक्य कुठे धावतंय, कुठे क्षणभर थबकतंय, शेवटचा शब्द कसा नेमक्या जागी पडतोय, ऐका. तो टोल पडायच्या आत उंबऱ्यात पडलेलं पाऊल आहे.

पुस्तकवाला तुमच्याकडे बघून हसतोय. तुमचा पाय मघापासून ठेका धरतोय.